विकत घेतलं, पण कुणाचं?

मागच्या सुट्टीत बहिणीकडे गेलो होतो. सोळा वर्षांचा भाचा गाल फुगवून बसला होता. वर्षभर पैसे साठवून त्यानं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र, म्हणजे गेम कन्सोल, घेतलं होतं. चार पैसे वाचावेत म्हणून बिनडिस्कचं, स्वस्त मॉडेल. आता मित्र आपला खेळून झालेला खेळ द्यायला तयार होता, पण ती डिस्क घालायची कुठे? यंत्राला खाचच नाही! तोच खेळ इंटरनेटवरून कंपनीच्या दुकानातून उतरवून घ्यायचा तर पुरी किंमत. वर तो म्हणाला, ‘‘मामू, माझा खेळून झाला तरी मी तो कुणाला देऊ शकत नाही.’’

मला कन्सोलमधलं काही कळत नाही. ही तक्रार मात्र चटकन कळली. कारण माझं निम्मं वाचन फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांवर झालंय. पहिल्या पानावर कुणाचं तरी खोडलेलं नाव, मधेच चहाचा डाग. पहिल्या मालकाला ते विकायचा हक्क होता, म्हणून तर ते माझ्यापर्यंत आलं.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही बरं का. अमेरिकेत एका प्रकाशकानं कादंबरीत छापलं होतं, एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकाल तर तो हक्कभंग समजू. मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानानं ते ८९ सेंटला विकलं. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो दुकानाच्या बाजूनं. प्रत एकदा विकली की ती पुढे कितीला विकावी, हे प्रकाशकानं सांगायचं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही एकदा बाजारात आलेल्या पुस्तकाच्या प्रतीला अशीच मोकळीक आहे.

डिजिटल खेळाचं गाडं इथंच अडतं. पडद्यावरच्या बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असतं, पण आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. रेल्वेचा पास काढला म्हणून डबा आपला होत नाही, आणि तो पास शेजाऱ्याला देताही येत नाही, तसंच हे.

२०१३ साली मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन हे यंत्र जाहीर केलं, तेव्हा चोवीस तासांतून एकदा ते इंटरनेटला जोडलंच पाहिजे अशी अट होती. डिस्क उसनी देण्यावर, जुनी विकण्यावरही बंधनं होती. खेळणारे असे भडकले, की यंत्र दुकानात येण्याआधीच कंपनीनं या अटी मागे घेतल्या. गंमत अशी, की तेव्हा भांडून राखलेली डिस्क लोकांनी पुढे सोयीसाठी आपणहून सोडली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं ते दोन प्रकारांत, डिस्कचं आणि बिनडिस्कचं. बिनडिस्कचं स्वस्त होतं.

डिस्क हातात असली तरी निश्चिंत राहता येतंच असं नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला. एकट्यानं खेळायचा तरी कंपनीच्या संगणकाशी जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ ला ते संगणक बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क नुसती चकती उरली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला, की ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा मालाला ‘विकत घ्या’ म्हणायचं नाही. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. पैसे परत मिळत नाहीत, पण निदान शब्द तरी खरा झाला. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

कंपन्यांचीही बाजू आहे. एकेका खेळावर शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात, संगणक चालू ठेवायला रोजचा खर्च येतो. फुकट नक्कल करणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. (माझ्या संग्रहाची झेरॉक्स काढण्याइतकी मागणी कधी आली नाही, ते सोडा.)

पण मुलांच्या बोटांवर टपून बसणं वेगळं. ‘फोर्टनाइट’ हा खेळ फुकट मिळतो, पैसे लागतात ते आतल्या कपड्यालत्त्यांना नि नाचांना. बटणांची मांडणी अशी, की चुकून एक दाबलं तरी खरेदी होऊन जाई. बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची खाती कंपनी बंद करी, म्हणजे आधी घेतलेलंही गेलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं हे आरोप ठेवले आणि डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्स ही कंपनी ग्राहकांना २४ कोटी ५० लाख डॉलर परत द्यायला कबूल झाली. तेव्हा आईबापांनो, यंत्रात कार्डाचा नंबर साठवून ठेवू नका. ठेवलाच तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय यंत्रातच असते, ती लावून घ्या.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. काही नव्या यंत्रांना डिस्कची खाच मागाहून वेगळी विकत घेऊन बसवता येते, हे त्यानं मला सांगितलं. किंमत ऐकून बहीण आत निघून गेली. निघताना त्याच्या हातावर मी थोडे पैसे ठेवले. उरलेले तो पुन्हा साठवतोय.