मराठी ग्राफिक डिझाइनसाठी संचालन प्रणालीची निवड

मराठी ग्राफिक डिझाइनसाठी संचालन प्रणालीची निवड म्हणजे लग्नपत्रिका, दुकानांचे नामफलक, वेष्टने, नियतकालिके, पुस्तके इत्यादींची मराठीतील मांडणी ज्या संगणकावर करावयाची, त्यासाठी विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांपैकी योग्य प्रणाली ठरवणे होय. संगणकाची किंमत, वेग आणि पडद्याचा दर्जा हे निवडीचे सर्वसाधारण निकष आहेत. मराठी कामात मात्र त्यांच्या जोडीला दोन बाबी निर्णायक ठरतात: मजकूर कोणत्या संकेतीकरणात साठवला आहे, आणि तयार झालेली फाइल पुढे कोण उघडणार आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहरासारख्या ठिकाणी लहान छपाई व्यवसाय आणि मुंबईतील व्यावसायिक स्टुडिओ यांचा संबंध नेहमीचा असल्याने या दोन्ही बाबी एकाच कामात समोर येतात.

पार्श्वभूमी

डेस्कटॉप पब्लिशिंग अर्थात डीटीपी या तंत्राचा प्रारंभ इ.स. १९८५ मध्ये मानला जातो. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक, लेझररायटर हा मुद्रक, अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर यांच्या एकत्र येण्यातून हे तंत्र आकारास आले. अडोबी इलस्ट्रेटर (१९८७) आणि फोटोशॉप (१९९०) ही सॉफ्टवेअरही प्रथम मॅकिंटॉशवरच आली. त्यामुळे जाहिरात संस्था व मोठे स्टुडिओ यांच्यात मॅक वापरण्याचा प्रघात पडला. पेजमेकर १९८७ मध्ये विंडोजवर उपलब्ध झाले, तर १९८९ मध्ये आलेले कोरलड्रॉ आरंभापासूनच विंडोजसाठी होते.

महाराष्ट्रात खिळेजुळणीकडून संगणकीय अक्षरजुळणीकडे झालेले संक्रमण प्रामुख्याने विंडोजच्या आधारे घडले. सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक मॅकच्या तुलनेत बराच स्वस्त पडत असे आणि त्याची दुरुस्ती स्थानिक पातळीवर होत असे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी ही भारतीय लिपींसाठीची सॉफ्टवेअर विंडोजवर रूढ झाली. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि यांपैकी एखादा लिपी-संच अशी जोडणी राज्यभरातील डीटीपी केंद्रांत दीर्घकाळ प्रचलित राहिली.

फॉन्ट व संकेतीकरण

जुने फॉन्ट

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांसाठी राखीव असलेल्या २५६ स्थानांवर देवनागरी अक्षरांचे अवयव बसवलेले असत. अशा फाइलमध्ये संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी चिन्हेच साठवली जातात. विशिष्ट फॉन्ट लावल्यावरच ती मराठी दिसतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात उमटतो. प्रत्येक कंपनीची अवयवांची मांडणी निराळी असल्याने एका संचातील मजकूर दुसऱ्या संचाच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

हे फॉन्ट मॅकवर नेताना आणखी एक अडचण येत असे. पहिल्या १२८ स्थानांनंतरच्या चिन्हांचा क्रम विंडोज व जुन्या मॅक प्रणालीत वेगवेगळा होता. परिणामी काही अक्षरे बरोबर, तर काही भलतीच दिसत. काही लिपी-संच केवळ विंडोजसाठी बनवलेले होते आणि त्यांच्यासोबत संगणकाला जोडावयाचे हार्डवेअर लॉक दिले जाई. जुन्या संग्रहामुळे अनेक व्यवसाय विंडोजशी बांधले गेले, त्याचे हे प्रमुख तांत्रिक कारण होय.

युनिकोड

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र स्थाने आहेत. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली जात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी दिसत असली तरी ती ‘क’नंतर साठवली जाते, ‘कर्ज’मधील रफार ‘ज’च्या डोक्यावर दिसत असला तरी त्याचा ‘र’ आधी येतो. साठवलेल्या क्रमातून योग्य जोडाक्षर घडवण्याचे काम आकारण यंत्रणा करते. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब ही यंत्रणा आणि मंगल हा फॉन्ट समाविष्ट झाला. मंगलची रचना सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केली होती. लिनक्सवर हे काम हार्फबझ ही मुक्त यंत्रणा, तर मॅकओएसवर कोअर टेक्स्ट करते.

संचालन प्रणालीत युनिकोडची सोय झाली तरी डिझाइनची सॉफ्टवेअर बराच काळ मागे राहिली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७ (२००१) युनिकोड जाणत नव्हती. कोरलड्रॉ एक्स६ आणि इनडिझाइन सीएस६ या दोन्ही २०१२ मधील आवृत्त्यांत भारतीय लिपींच्या जोडाक्षरांचा अधिकृत आधार आला. संचालन प्रणाली युनिकोडक्षम होणे आणि मांडणीचे सॉफ्टवेअर युनिकोडक्षम होणे यांत असे सुमारे एका तपाचे अंतर पडले. या काळात छपाईचा बहुतांश मजकूर जुन्या फॉन्टमध्येच तयार होत राहिला.

मराठीच्या विशेष गरजा

- ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्धा र रफारापेक्षा वेगळा असून तो फॉन्टमध्ये स्वतंत्रपणे घडवावा लागतो.
- ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत (२००८) स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ते बहुधा आढळत नाही.
- ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित करण्यात आली. ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असल्यास मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावर योग्य वळण आपोआप येते. मात्र सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असावी लागते.

प्रमुख संचालन प्रणाली

विंडोज

अडोबीची सर्व प्रमुख सॉफ्टवेअर आणि कोरलड्रॉ विंडोजवर चालतात. जुने लिपी-संचही याच प्रणालीवर वापरता येतात. फ्लेक्स छापणाऱ्या मोठ्या यंत्रांना आज्ञा देणारी बहुतेक रिप सॉफ्टवेअर विंडोजसाठीच तयार केलेली असतात. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक प्रणालीतच उपलब्ध आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चकती आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक अधिकृतरीत्या त्या आवृत्तीवर नेता येत नाहीत. जुन्या लिपी-संचासाठी जुना संगणक राखून ठेवणाऱ्या केंद्रांना तो महाजालापासून अलग ठेवणे श्रेयस्कर ठरते.

मॅकओएस

मॅकओएसवर रंगव्यवस्थापन प्रणालीचाच भाग असून पडद्यांचा दर्जा सर्वसाधारणपणे एकसारखा असतो. अडोबीची सॉफ्टवेअर येथे पूर्णत्वाने चालतात. कोरलड्रॉ दीर्घ खंडानंतर २०१९ मध्ये मॅकवर परत आले. देवनागरीसाठी कोहिनूर देवनागरी हा फॉन्ट आणि इनस्क्रिप्टसह इतर कळफलक उपलब्ध आहेत.

जुनी सॉफ्टवेअर चालू ठेवण्याच्या बाबतीत ही प्रणाली अधिक कठोर आहे. २०१९ मधील कॅटलिना आवृत्तीपासून ३२-बिट सॉफ्टवेअर चालत नाहीत. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपल सिलिकॉन संगणकांवर बूट कॅम्पद्वारे विंडोज बसवण्याची सोय नाही. म्हणून ज्यांचा संग्रह जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे, त्यांना केवळ मॅकवर अवलंबून राहणे कठीण जाते.

लिनक्स

लिनक्सच्या बहुतेक वितरणांना परवाना शुल्क नसते आणि ती तुलनेने जुन्या संगणकांवरही चालतात. चित्रसंस्करणासाठी गिम्प, रेखाचित्रांसाठी इंकस्केप, रंगकामासाठी क्रिटा आणि पृष्ठमांडणीसाठी स्क्रायबस ही मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. स्क्रायबसच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे नीट घडत नसत, १.५ मालिकेत हार्फबझचा अवलंब झाला आणि २०२४ मधील १.६ या स्थिर आवृत्तीत ती सुधारणा सर्वसामान्य वापरात आली.

अडोबीची डिझाइन सॉफ्टवेअर व सध्याचे कोरलड्रॉ लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत. गिम्प व इंकस्केप यांची सीएमवायके रंगांची क्षमताही मर्यादित आहे. संकेतस्थळे, समाजमाध्यमे व ई-पुस्तके यांसाठी लिनक्स पुरेसे ठरते. दुसऱ्याच्या सीडीआर किंवा इनडिझाइन फाइल नेहमी उघडाव्या लागत असतील तर ते अडचणीचे होते.

छपाई व फाइलची देवाणघेवाण

पडद्यावरील रंग लाल, हिरवा व निळा या प्रकाशांच्या मिश्रणातून, तर कागदावरील रंग निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शाईंतून निर्माण होतात. एका पद्धतीतून दुसरीत जाताना रंग बदलतात. तिन्ही प्रणाली आयसीसी रंगरेखा वापरू शकतात. पडद्याचे अंशांकन केले नसेल तर कोणत्याही प्रणालीवर रंगाची खात्री देता येत नाही.

छापखान्यात फाइल देताना मजकूर ‘कर्व्ह’ करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. यात अक्षरांचे रूपांतर रेषाकृतींत होते, त्यामुळे समोरच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी मजकूर तुटत नाही. परंतु कर्व्ह केलेल्या मजकुरात शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही, तो शोधता येत नाही आणि पुढील आवृत्तीसाठी पुन्हा टंकावा लागतो. त्यामुळे कर्व्ह केलेल्या प्रतीसोबत मूळ संपादनक्षम फाइल जपणे आवश्यक असते. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ हा अनेक कामांसाठी प्रणालीनिरपेक्ष पर्याय आहे.

वसई-विरारमधील स्थिती

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतची गावे एकत्र करून स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. वसई पूर्वेकडील गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांतील औद्योगिक वसाहतींमुळे वेष्टने, लेबले व माहितीपत्रके यांची, तर रहिवासी भागांत लग्नपत्रिका, उत्सवांचे फलक आणि दुकानांच्या पाट्या यांची गरज असते. वसईला मराठी नियतकालिकांचीही परंपरा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेले ‘सुवार्ता’ हे मासिक तिचे परिचित उदाहरण होय.

राज्यातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपींपेक्षा लहान नसावा, अशी अट घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अशा फलकांवर तुटलेले जोडाक्षर किंवा चुकीचा रफार राहिल्यास तो वर्षानुवर्षे सार्वजनिक ठिकाणी दिसत राहतो.

पश्चिम रेल्वेने मुंबईत कामाला जाणाऱ्या डिझाइनरला दोन वेगळ्या साखळ्यांशी जुळवून घ्यावे लागू शकते. मुंबईतील जाहिरात क्षेत्रात मॅक व अडोबी यांचा वापर रूढ आहे, तर फ्लेक्स व पत्रिकांच्या स्थानिक कामात विंडोज व कोरलड्रॉ यांचा. दोन्हीकडे काम करणाऱ्यास युनिकोड फॉन्ट व पीडीएफ यांचा सातत्याने वापर केल्यास प्रणाली बदलण्याचा त्रास कमी होतो.

निवडीचे निकष

- जुना संग्रह: जुन्या फॉन्टमधील फाइल नियमितपणे उघडाव्या लागत असतील तर किमान एक विंडोज संगणक आवश्यक ठरतो.
- फाइल स्वीकारणारा: छापखाना सीडीआर मागत असेल तर कोरलड्रॉची त्याला चालणारी आवृत्ती, पीडीएफ स्वीकारत असेल तर कोणतीही प्रणाली चालते.
- कामाचे स्वरूप: फ्लेक्स व पत्रिकांसाठी विंडोज, जाहिरात व ब्रँडिंगच्या सामूहिक कामासाठी विंडोज किंवा मॅकओएस, केवळ डिजिटल कामासाठी तिन्ही प्रणाली योग्य ठरतात. कॅनव्हा, फिग्मा यांसारखी साधने ब्राउझरमध्ये चालत असल्याने त्या कामात प्रणालीचे महत्त्व कमी झाले आहे.
- एकूण खर्च: संगणकाच्या किमतीखेरीज सॉफ्टवेअरची वर्गणी, फॉन्टचे परवाने, पडदा व यूपीएस यांचाही विचार करावा लागतो.
- दुरुस्ती: काम थांबू नये यासाठी सुटे भाग व कारागीर जवळ मिळणे महत्त्वाचे असते.

खरेदीपूर्वी निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दऱ्या’, ‘कर्तव्य’, ‘राष्ट्र’, ‘दृष्टी’, ‘हृदय’, ‘ज्ञान’, ‘ॲप’ हे शब्द टंकून त्यांची पीडीएफ काढून पाहणे ही साधी व उपयुक्त चाचणी आहे. त्या पीडीएफमधील मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवल्यावर तो वाचनीय राहतो का, हेही पाहता येते.

जुन्या मजकुराचे रूपांतर

अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फॉन्टचा आधार काढून घेतला. ज्यांचे मराठी फॉन्ट या प्रकारातील होते, त्यांना नव्या आवृत्त्यांत आपल्याच जुन्या फाइल संपादित करता येईनाशा झाल्या. ट्रूटाइप प्रकारातील जुने फॉन्ट अद्याप चालत असले, तरी त्यांतील मजकूर महाजालावर शोधता येत नाही, भ्रमणध्वनीवर वाचता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीच्या वाचन-सॉफ्टवेअरलाही कळत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत. मूळ फॉन्ट नेमका कोणत्या कंपनीचा व कोणत्या मांडणीचा आहे, हे ठाऊक असल्याशिवाय परिवर्तन बिनचूक होत नाही. पहिली वेलांटी, रफार, अर्धा र आणि क्वचित येणारी जोडाक्षरे यांत चुका राहतात, म्हणून परिवर्तनानंतर मुद्रितशोधन करावे लागते. मूळ सॉफ्टवेअर चालणारा संगणक जोवर सुस्थितीत आहे, तोवर परिवर्तित मजकूर मूळ पानांशी ताडून पाहता येतो. तो बंद पडल्यास छापील प्रत हाच एकमेव आधार उरतो. नव्या संचालन प्रणालीकडे जाण्याचा निर्णय घेणाऱ्या व्यवसायांसाठी संग्रहाचे परिवर्तन हे त्या बदलातील पहिले काम ठरते. जुना संगणक मोडीत काढणे त्यानंतरचे.