वायफाय बिघडलेले नाही, फर्मवेअर राहिले आहे

लॅपटॉपवर डेबियन बसवले, सगळे सुरळीत चालू झाले. पण वायफायच्या यादीत एकही नाव दिसत नाही. मग कोणी कार्ड बिघडले म्हणतो, कोणी लिनक्सच्या नावाने बोटे मोडतो. बहुतेक वेळा दोन्ही निदाने चुकतात.

गैरसमज : लिनक्समध्ये या कार्डाचा ड्रायव्हरच नाही.

वस्तुस्थिती : ड्रायव्हर वेगळा, फर्मवेअर वेगळे. ड्रायव्हर कर्नेलबरोबर येतो आणि संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर चालते खुद्द कार्डातल्या चिपवर. अनेक कार्डांत ते कायमचे साठवलेले नसते. ड्रायव्हर दर वेळी ते डिस्कवरच्या 'लिब/फर्मवेअर' फोल्डरमधून उचलून कार्डात भरतो. इंटेलच्या वायफायचा 'आयडब्ल्यूएलवायफाय' ड्रायव्हर कर्नेलमध्ये असतोच, पण फाइल सापडली नाही की तो तिथेच अडतो. 'डीमेसेज' ही कमांड रूटच्या अधिकाराने चालवली की हव्या असलेल्या फाइलचे नाव आणि पुढे 'उणे 2' हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ एवढाच : अशी फाइल इथे नाही.

गैरसमज : डेबियन असे फर्मवेअर देतच नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक फर्मवेअरचा सोर्स कोड खुला नसल्याने पूर्वी ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे. 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून ते इन्स्टॉलरमध्येच मिळते. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करणाऱ्यांना मात्र 'सोर्सेस डॉट लिस्ट'मध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग स्वतः जोडावा लागतो. नेमके हेच राहून जाते. त्यानंतर 'एपीटी अपडेट' करून इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक' हे पॅकेज बसवायचे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा.

गैरसमज : नेटच नाही, तर पॅकेज आणणार कुठून?

वस्तुस्थिती : अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की बहुधा काम होते. नाहीतर दुसऱ्या संगणकावर डेब फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणता येते.

गैरसमज : 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर' असा इशारा आला म्हणजे काहीतरी बिघडले.

वस्तुस्थिती : कर्नेल अपडेट होताना ड्रायव्हरला माहीत असलेल्या सगळ्या चिपच्या फाइली शोधल्या जातात, त्या चिप लॅपटॉपमध्ये असोत वा नसोत. सगळे नीट चालत असेल तर हा इशारा सोडून द्यावा.

एक पथ्य मात्र पाळावे. फर्मवेअर कार्डाच्या आत चालते, म्हणून कुठल्यातरी अनोळखी साइटवरची फाइल उचलून टाकू नका. डेबियनच्या भांडारातूनच घ्या. तिथे पॅकेजची सही तपासली जाते आणि पुढची अपडेटही आपोआप मिळत राहतात.