‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सणांचे दिवस जवळ आले होते आणि आमच्या मूलमध्ये शांतता समितीची सभा होती. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. एक वक्ते बोलायला उठले. मनाने चांगला माणूस, माझ्या ओळखीचा. ते म्हणाले, ‘‘आपण सगळे या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतो.’’ मी मान डोलावली. चार वाक्यांनंतर ते म्हणाले, ‘‘आणि आपण त्यांना नेहमीच सांभाळून घेतले आहे.’’ टाळ्या पडल्या. मीही दोन टाळ्या वाजवल्या आणि मग माझे हात थांबले. पहिल्या ‘आपण’मध्ये मी होतो. दुसऱ्या ‘आपण’मधून मी केव्हा बाहेर पडलो, हे त्या वक्त्यांनाही कळले नव्हते.

घरी येऊन बायकोला हे सांगितले. ती हसून म्हणाली, ‘‘हमारी बोली में अच्छा है, सबके लिए हमच है!’’

तिने सहज बोललेल्या या वाक्यात भाषाशास्त्राचे दोन धडे आहेत. मी काही भाषाशास्त्राचा प्राध्यापक नाही. बी. ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण त्या रात्रीपासून एक सवय लागली. कुणाचे भाषण, पत्रक किंवा जाहिरात समोर आली की पेन्सिल घेऊन बसायचे आणि हा मजकूर मला कसा पटवतो आहे, ते तपासायचे. तपासण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. त्यांतल्या दोन-तीन आज तुम्हाला सांगतो.

पहिला धडा सर्वनामांचा. हिंदी-उर्दूत ‘हम’ एकच. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत. ‘आम्ही जेवतो’ आणि ‘आपण जेवू या’ यांतला फरक दारात उभ्या पाहुण्याला लगेच कळतो. गुजरातीतही असा भेद आहे. आमच्या जिल्ह्याची सीमा लागते त्या तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असे दोन शब्द आहेत. मराठीतल्या या भेदाचा संबंध अनेक अभ्यासक द्राविडी भाषांच्या शेजाराशी जोडतात. म्हणून मराठी भाषणातल्या प्रत्येक ‘आपण’खाली रेघ मारावी आणि समासात लिहावे, यात कोण कोण आहे? एकाच भाषणात हा गट गुपचूप लहान-मोठा होत असेल, तर तिथेच थांबून वाचावे.

दुसरा धडा बायकोच्या ‘हमच’मधल्या ‘च’चा. हा ‘च’ आमच्याकडच्या हिंदीनेही जवळ केला आहे. लोकमान्य टिळकांच्या स्वराज्याच्या घोषणेत ‘तो मी मिळवणारच’ असे म्हणतात. त्यातला ‘च’ काढून वाक्य म्हणून पाहा. प्रतिज्ञेची साधी बातमी होऊन जाते.

आता हे दोन्ही धडे एकत्र घेऊ. सावली, व्याहाड ओलांडून वैनगंगेचा पूल पार केला की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. वनहक्क कायदा 2006चा. त्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला 2009मध्ये मिळाला आणि 2011मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामाशी कायमची जोडलेली आहेत. या गावाची घोषणा अशी: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

पेन्सिल घ्या. वाक्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींत ‘सरकार’ हाच शब्द शेवटी येतो. बदलते ते त्याच्या आधीचे. ‘आमचे सरकार’ ही मालकी झाली, म्हणजे सरकार वेगळे आणि आम्ही वेगळे. ‘आम्हीच सरकार’ म्हटले की मधले अंतर संपते. पहिल्या भागात दिल्ली-मुंबईचे सरकार मान्य केले आहे, त्यामुळे या घोषणेला सहजासहजी बंडखोरी म्हणता येत नाही. आणि इथे ‘आपण’ नाही, ‘आम्ही’ आहे. ही घोषणा ग्रामसभेतल्या माणसाला उद्देशून नाही, ती वेशीवर येणाऱ्या साहेबाला ऐकवायची आहे. ‘आपणच सरकार’ म्हटले असते तर साहेबही त्यात येऊन बसला असता! क्रियापद नाही, विशेषण नाही, कुणाला शिवी नाही. मोजके शब्द आणि एक ‘च’.

याच्या उलट सरकारी भाषा. ‘कार्यवाही करण्यात येईल.’ कोण करील? वाक्यात कर्त्याची जागाच नाही. अशा वाक्यापुढे कर्त्याची रिकामी चौकट काढून ठेवावी, एवढेच सांगतो.

शब्द झाले, आता युक्तिवाद. इंग्रज तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958मध्ये आपल्या पुस्तकात एक आराखडा मांडला. वादात एक दावा असतो आणि त्याला आधार म्हणून काही माहिती दिलेली असते. पण माहितीवरून दाव्याकडे जायला मध्ये एक दुवा लागतो आणि बोलणारा तो बहुतेक वेळा बोलूनच दाखवत नाही. दुव्याचे पाठबळ, ‘बहुधा’सारखे मर्यादेचे शब्द आणि अपवाद हे आणखी तीन भाग आहेत, पण सगळी मेख दुव्यात आहे.

आमच्या जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबर 2010मध्ये चिमूरहून नागपूरला महिला पायी चालत गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015पासून दारूबंदी झाली. 27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. त्या सहा वर्षांत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. एक पक्ष म्हणे, बंदी उठवा, कारण चोरून दारू मिळतेच आहे. दुसरा म्हणे, बंदी कडक करा, कारण चोरून दारू मिळतेच आहे. गंमत पाहा, दोघांचा आधार एकच आहे! मग भांडण कशाचे? दुव्याचे. पहिल्याचा दुवा असा की जो कायदा पाळून घेता येत नाही, तो ठेवू नये. दुसऱ्याचा असा की कायदा पाळला जात नसेल, तर पाळून घेणाऱ्यांना जाब विचारावा.

दुवा उघड झाला की तो दुसरीकडे लावून पाहता येतो. पहिला दुवा 1961च्या हुंडाबंदी कायद्याला लावा. हुंडा अजून घेतला जातो, म्हणून तो कायदा काढून टाकायचा का? कुणी हो म्हणणार नाही. दुसरा दुवा अमेरिकेला लावा. तिथे 1920पासून देशभर दारूबंदी होती आणि 1933मध्ये ती मागे घ्यावी लागली. नुसता जाब विचारून सगळे कायदे चालतात असे नाही. म्हणजे दोन्ही दुव्यांना अपवाद लागतात आणि खरी चर्चा त्या अपवादांवर व्हायला हवी होती. टपरीवर मात्र आम्ही सहा वर्षे आधारावरच भांडत राहिलो, ज्याबद्दल दोघांचे एकमत होते.

यात मीही आलो. मी बंदीच्या बाजूने हिरीरीने बोलत असे आणि बायाबापड्यांच्या हालांचे दाखले देत असे. दाखले खरेच होते. पण एकदा माझेच बोलणे कागदावर मांडले, तेव्हा दिसले की माझा खरा दुवा निराळा होता. माझ्या धर्मात दारू निषिद्ध आहे. तो दुवा मी कुणाला सांगत नव्हतो, कदाचित स्वतःलाही नाही. माझे मत त्याने बदलले नाही, पण समोरचा ‘‘तुम्ही ऐकूनच घेत नाही’’ असे का म्हणे, ते समजले.

हे सगळे परदेशातून आले असे समजू नका. न्यायशास्त्रातल्या पाच अवयवांच्या अनुमानात उदाहरण द्यावेच लागते. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात. आणि मराठीत तेराव्या शतकातला महानुभावांचा ‘दृष्टान्तपाठ’ आहे. चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केशिराजांनी एकत्र केले, हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त त्यांतलाच. प्रत्येकाची मांडणी तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्तातली कोणती गोष्ट सूत्रातल्या कोणत्या गोष्टीला लागू होते, त्याचा उलगडा. आजचे वक्ते हा तिसरा भाग खाऊन टाकतात. ‘घराला एकच कर्ता माणूस लागतो,’ एवढेच म्हणतात आणि थांबतात. दार्ष्टान्तिक तुम्ही लिहून पाहा. घर म्हणजे गाव, कर्ता म्हणजे ते स्वतः आणि आपण सारे मतदार म्हणजे त्यांची अज्ञान लेकरे!

एक सावधगिरी सांगतो. मोजणीने माणूस फसतो. झाडीपट्टीतल्या दोन वक्त्यांच्या भाषणांतले ‘च’ मी एकदा मोजले आणि ज्याचे जास्त, तो हट्टी असा निकाल दिला. नंतर लक्षात आले की एक गृहस्थ झाडीबोलीच्या वळणाने बोलत होते आणि दुसरे पुस्तकी मराठीत. मी हट्ट मोजत नव्हतो, बोली मोजत होतो. आता संगणक हजारो भाषणांतले शब्द क्षणात मोजतो, पण कशाशी काय ताडून पाहायचे, ते आपल्यालाच ठरवावे लागते.

पुढच्या वर्षी त्याच सभेत मला पाच मिनिटे बोलायला सांगितले. भाषण लिहून काढले आणि रात्री पेन्सिल घेऊन बसलो. सात ठिकाणी ‘आम्ही’ होते. बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, इतकी भिंत कशाला? दोन ठिकाणी मी ‘आपण’ केले. पाच तशीच ठेवली. ते ओळखीचे वक्ते त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. सभा संपल्यावर त्यांनी मला विचारले, ‘‘तुम्ही ‘आम्ही’ म्हणालात, त्यात मी होतो का हो?’’