डीप फ्रीजर घेण्याआधी: हरणाचं मांस, वाट्याचं मटण आणि रुळलेले गैरसमज

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबर हा दिवस जवळजवळ सणासारखा असतो. बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम त्या दिवशी उघडतो आणि ३० तारखेला संपतो. ज्या मराठी घरांत कुणी बंदुकीला हात लावलेला नाही, तिथेही या पंधरवड्यात शेजाऱ्याकडून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून पांढऱ्या कागदात गुंडाळलेले मांसाचे पुडे येतात. रानातल्या हरणाचं मांस इथे विकता येत नाही, वाटता येतं. त्यातच चार घरं मिळून एखाद्या शेतावरून बोकड घेतात आणि गावाकडच्यासारखे वाटे घालतात. मग स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा पुरत नाही आणि डीप फ्रीजरचा विषय निघतो.

या विषयात आपल्याकडे घरचं शहाणपण फारसं नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि असं मांस बाळगणंही गुन्हा आहे. मटण म्हणावं तर रविवारी सकाळी आणायचं आणि दुपारी संपवायचं, ही आपली रीत. त्यामुळे शंभर पाउंड मांस वर्षभर कसं सांभाळायचं, हे आईला किंवा आजीला फोन करून विचारता येत नाही. सल्ले मिळतात ते पार्टीत ऐकलेले, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, ‘घ्यायचाच तर मोठा घ्या.’ आधी हिशेब करू. मध्यम आकाराच्या हरणाचं हाडं काढलेलं मांस साधारण ४० ते ६० पाउंड भरतं. नीट कापून, सपाट पुड्या करून रचलं तर एका क्युबिक फुटात ३५ ते ४० पाउंड मांस मावतं. म्हणजे अख्खं हरीण दीड क्युबिक फुटात बसतं. बोकडाला जागा जास्त लागते, कारण आपल्याला मटण हाडासकट हवं असतं. नळी, पाया, बरगड्या यांच्या पुड्या वेड्यावाकड्या होतात आणि मधे पोकळ जागा राहते. तरीही एक हरीण, बोकडाचे एक-दोन वाटे आणि थोडी मासळी एवढ्याला चौघांच्या घरात ७ क्युबिक फुटांचा, म्हणजे साधारण २०० लिटरचा फ्रीजर पुरतो. १५ किंवा २० फुटांचा घेतला तर तो निम्मा रिकामा राहतो किंवा कुणाच्या लक्षात नसलेल्या पुड्यांनी भरतो. रिकामा फ्रीजर वीज गेल्यावर लवकर तापतो, आणि विसरलेल्या पुड्या दोन वर्षांनी कचऱ्यात जातात. ज्या जनावराचा जीव गेला त्याचं मांस टाकून देण्याची वेळ येऊ नये, एवढी काळजी घेणं मला आवश्यक वाटतं.

मात्र आकाराचा खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. फ्रीजरमध्ये किती मांस मावतं याइतकंच तो एका दिवसात किती मांस गोठवू शकतो, हेही महत्त्वाचं आहे. घरगुती फ्रीजरसाठी नियम असा, की दर क्युबिक फुटामागे २४ तासांत २ ते ३ पाउंडच न गोठलेलं मांस आत ठेवायचं. ७ फुटांच्या फ्रीजरला हे १४ ते २१ पाउंड होतं. अख्ख्या हरणाचं मांस एकाच संध्याकाळी आत कोंबलं तर मधल्या पुड्या गोठायला दोन-दोन दिवस लागतात, आणि आधीपासून ठेवलेल्या पुड्याही मऊ पडतात.

सावकाश गोठलेल्या मांसात बर्फाचे खडे मोठे होतात. ते पेशींची आवरणं फोडतात. असं मांस उकलून, म्हणजे बर्फ वितळू देऊन, परातीत ठेवलं की खाली लालसर पाण्याचं थारोळं जमतं आणि शिजवल्यावर तुकडा चोथ्यासारखा लागतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय हे अमेरिकन गृहस्थ १९१२ च्या सुमारास आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरला गेले होते. इन्युइट लोकांनी बर्फातून काढलेला मासा उणे ४० अंशांच्या थंडीत बघता बघता गोठतो आणि कित्येक महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. झटपट गोठवण्याचा आजचा सगळा व्यवसाय या निरीक्षणावर उभा राहिला. घरी आपण उणे ४० गाठू शकत नाही. पण पुड्या दीड-दोन इंचांपेक्षा जाड करायच्या नाहीत, पहिल्या दिवशी त्या एकमेकींवर न रचता भिंतींना लावून ठेवायच्या आणि उरलेलं मांस फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत घालायचं, एवढं करता येतं. शिकारीचं मांस कापून देणाऱ्या प्रोसेसरकडून मांस आधीच दगडासारखं गोठून आलं असेल तर ही अट नाही. तेव्हा सगळं एकदम भरलं तरी चालतं.

इथे आपला एक जुना समज आडवा येतो: ‘जितकं ताजं, तितकं चांगलं.’ रविवारच्या रश्श्यासाठी ते खरं असेल, गोठवण्यासाठी नाही. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि हा ताठरपणा उतरायला साधारण एक दिवस लागतो. तो उतरण्याआधीच मांस गोठवलं तर उकलताना स्नायू आखडतात आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी तुकडा चिवट राहतो. म्हणून शेतावरून आणलेलं मटण आधी किमान २४ तास फ्रिजमध्ये, ० ते ४ अंश सेल्सिअसला ठेवायचं आणि मग गोठवायचं. हरणाच्या मांसाला दोन-तीन दिवस दिले तर आणखी चांगलं. गोठवण्याआधी नळाखाली खळाखळा धुण्याची सवयही सोडावी. पृष्ठभागावरचं ते पाणी पुडीत बर्फ होऊन बसतं. धुवायचंच असेल तर स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करावं.

‘फ्रॉस्ट-फ्री घ्या, बर्फ खरवडायची कटकट नाही,’ हा सल्ला फ्रिजच्या बाबतीत ठीक आहे. वर्षभराच्या मांसासाठी मी तो मानत नाही. फ्रॉस्ट-फ्री यंत्रात ठरावीक वेळाने एक हीटर चालू होतो आणि गार नळ्यांवरचा बर्फ वितळवतो. त्या वेळी आतलं तापमान थोडं वर जातं, पुन्हा खाली येतं. शिवाय पंखा सतत कोरडी हवा फिरवतो. दोन महिन्यांच्या आइसक्रीमला याने फरक पडत नाही, पण आठ-दहा महिने राहणाऱ्या मांसातला ओलावा त्यामुळे हळूहळू उडतो. हाताने बर्फ काढावा लागणारा, झाकण वर उघडणारा चेस्ट फ्रीजर तापमान अधिक स्थिर ठेवतो आणि वीजही बरीच कमी खातो. गार हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती पेटीत खालीच राहते. उभ्या फ्रीजरचं दार उघडलं की ती पायांवर सांडते. चेस्ट फ्रीजरची अडचण एकच, की तळाचं काढायला वाकावं लागतं. ज्यांची कंबर दुखते त्यांनी उभाच घ्यावा आणि पुड्या अधिक चांगल्या गुंडाळाव्यात. इतरांनी चेस्टमध्ये कापडी पिशव्या वापरून हरीण, बोकड, कोंबडी, मासळी असं वेगळं ठेवावं, म्हणजे पिशवी उचलली की खालचं दिसतं.

फ्रीजर बर्न म्हणजे मांस सडलं, असंही नाही. पांढुरके, कोरडे डाग दिसले तर तिथला ओलावा गेलेला असतो. तेवढा भाग कापून टाकावा, बाकीचं निर्धास्त शिजवावं. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला सतत गोठलेलं मांस कितीही दिवस राहिलं तरी धोक्याचं होत नाही, त्याची चव मात्र उतरत जाते. मोठे तुकडे वर्षभर चांगले राहतात. खिमा आणि कलेजी तीन-चार महिन्यांत संपवलेली बरी. चरबी गोठूनही हळूहळू खवट होते, आणि हरणाच्या मांसाचा जो उग्र वास अनेकांना सोसवत नाही, त्यातला बराचसा तिच्यामुळे असतो. म्हणून हरणाची चरबी आणि पांढरा पडदा गोठवण्याआधीच सोलून काढावा. व्हॅक्यूम पिशवी सगळ्यात उत्तम, पण बरगडीचं किंवा नळीचं टोक तिला सुईसारखं भोक पाडतं आणि मग आत हवा शिरते. हाडाच्या टोकावर जाड कागदाची घडी ठेवून मग पिशवी बंद करावी.

आता सगळ्यात धोकादायक गैरसमज: ‘एकदा गोठवलं की जंतू, जंत सगळं मरतं.’ उणे १८ ला जिवाणू वाढायचे थांबतात, मरत नाहीत. मांस उकललं की ते पुन्हा कामाला लागतात. म्हणूनच मांस ओट्यावर दिवसभर न ठेवता फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून उकलायचं. डुकराच्या मांसातला ट्रायकिनेला हा जंत पुरेसे दिवस गोठवल्याने मरतो, पण अस्वलात आढळणारी त्याची एक जात थंडीला दाद देत नाही. २०२२ मध्ये साउथ डकोटातल्या एका कौटुंबिक मेळाव्यात ४५ दिवस गोठवलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब झाले. ते नीट शिजले नव्हते आणि सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी फक्त त्या मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. मिशिगनच्या उत्तर भागातही अस्वलं आहेत. कुणी असं मांस दिलं तर ते ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवायचंच, रंगावर जायचं नाही, थर्मामीटर लावायचा.

हरणांतला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज याहून चिवट आहे. बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हा रोग मिशिगनच्या रानातल्या हरणांत २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडला. ही प्रथिनं गोठवून नष्ट होत नाहीत आणि शिजवूनही नाहीत. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरीही बाधित भागातलं हरीण तपासून घ्यावं आणि रोग निघाला तर मांस खाऊ नये, असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा आणि लसिका गाठी वापरायच्या नाहीत, मांस हाडांपासून सोडवून घ्यायचं. हरणाच्या नळीचा रस्सा करायचा मोह इथे आवरावा, तो बोकडाचाच करावा. फ्रीजरच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या हरणाच्या पुड्या वेगळ्या पिशवीत राहिल्या पाहिजेत आणि प्रत्येकीवर तारीख आणि कुणी दिलं ते लिहिलेलं असलं पाहिजे. काही प्रोसेसर अनेक शिकाऱ्यांच्या हरणांचा खिमा एकत्र करतात. आपलं हरीण वेगळं ठेवाल का, हे आधीच विचारावं.

‘गराजमध्ये ठेवा, हिवाळ्यात फुकट गार राहील,’ हेही अर्धवट खरं आहे. जुना फ्रिज-फ्रीजर गराजमध्ये नेऊन ठेवला तर त्याचा थर्मोस्टॅट बहुधा फ्रिजच्या कप्प्यात असतो. बाहेर कडाका पडला की त्याला सगळं गारच वाटतं, कॉम्प्रेसर चालू होत नाही आणि वरच्या कप्प्यातलं मांस मऊ पडतं. स्वतंत्र डीप फ्रीजरला ही अडचण कमी येते, तरी गराजसाठी योग्य असल्याचं लिहिलेलंच मॉडेल घ्यावं. बेसमेंट कोरडं असेल तर तीच सगळ्यात चांगली जागा.

वीज गेली की घाबरून झाकण उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण ४८ तास, निम्मा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. १४ ऑगस्ट २००३ च्या मोठ्या अंधारात डेट्रॉइट परिसरातल्या काही भागांत वीज यायला दोन दिवस लागले होते. आपण घरी नसताना वीज गेली का, हे कळायला वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून द्यावं. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मांसही उकलून पुन्हा गोठलेलं आहे. ‘एकदा उकललेलं पुन्हा गोठवायचं नाही’ हा नियम मात्र लोक समजतात तितका कडक नाही. पुडीत बर्फाचे कण शिल्लक असतील किंवा मांस ४ अंशांच्या खालीच राहिलं असेल तर ते पुन्हा गोठवता येतं, चव थोडी जाते एवढंच. त्याहून वर गेलं असेल आणि किती वेळ ते माहीत नसेल, तर ते टाकावं.

गराजमधल्या आणि बऱ्याच बेसमेंटमधल्या सॉकेटला धक्का बसू नये म्हणून सुरक्षा स्विच असतो. दमटपणामुळे तो कधीकधी आपोआप पडतो, घरातले बाकीचे दिवे चालूच राहतात आणि आठवडाभर कुणाला पत्ता लागत नाही. फ्रीजरबरोबरच बाहेरून तापमान दिसणारा आणि ते वर गेल्यावर वाजणारा थर्मामीटर घ्यावा, आणि त्याचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू येतो का, ते पहिल्याच दिवशी तपासून पाहावं.