दहा अक्षरांचे गाव

'औरंगाबाद' पाच अक्षरांत मावत असे. 'छत्रपती संभाजीनगर'ला दहा लागतात. २०२३मध्ये शहराचे नाव बदलले, २०२५मध्ये रेल्वे स्थानकाचेही. अक्षरे दुप्पट झाली, पाट्या मात्र तेवढ्याच रुंद राहिल्या. अक्षर लहान करावे, तर लांबून वाचता येत नाही. संगणकावर दोन्ही बाजूंनी दाबावे, तर उभ्या रेघा रोडावतात, आडव्या तशाच जाड राहतात आणि शब्द आजारी दिसतो. अशा जागी मुळातच अरुंद घडवलेले अक्षर हवे.

'टेको' हा तसा टंक. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीसाठी मनुषी पारिख यांनी तो रेखाटला आणि २०१४मध्ये तो खुल्या परवान्याने सर्वांना मिळाला. त्यात देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपी आहेत. लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजने आहेत. गुजरातीत टेको म्हणजे टेकू.

देवनागरीचे जुने वळण बोरूच्या तिरप्या कापातून आले. हात फिरेल तशी रेघ जाड-बारीक होते. टेकोत रेघेची जाडी जवळजवळ एकसारखी आहे. गोलाईच्या बाजू सरळ केल्या आहेत आणि वळण कोपऱ्यांपुरते ठेवले आहे. त्यामुळे जुन्या कॅल्क्युलेटरचे आकडे आठवतात, बसवर लुकलुकणारी ठिपक्यांची पाटी आठवते. ठिपक्यांच्या जाळीत गोलाईच्या पायऱ्या होतात. ती त्या यंत्राची अडचण होती. इथे त्याच चौकोनीपणाला डौल दिला आहे.

'छत्रपती संभाजीनगर' हे नाव या वळणात लिहून पाहावे. छ आणि र सोडले, तर बाकीच्या आठही अक्षरांना पूर्ण उभी रेघ आहे. भा-चा काना, ती आणि जी-च्या वेलांट्या धरल्या की अकरा उभ्या रेघा होतात. शिरोरेघेखाली त्या कठड्याच्या गजांसारख्या ओळीने उभ्या राहतात. अरुंद टंकाला हे मानवते. खरी परीक्षा मधल्या जागेची. छ-चे वेटोळे, भ-ची गाठ, स-चा डावा भाग इतक्या कमी रुंदीत बसवूनही आतली पोकळी उघडी राहावी लागते. ती बुजली की लांबून फक्त काळा ठिपका दिसतो.

उंचीत मात्र काटकसर चालत नाही. वर वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार. त्यांची जागा त्यांना द्यावीच लागते. म्हणून हा टंक मथळ्याचा. लांब मथळ्याला मधली वजने शोभतात, बोल्ड एक-दोन शब्दांपुरता ठेवावा. पानभर मजकूर त्यात लावला, तर डोळे थकतात.

जागा पुरत नाही म्हणून अनेक ठिकाणी 'छ. संभाजीनगर' असे लिहिले जाते. नाव तोडण्याआधी अक्षर बदलून पाहावे. दहाही अक्षरे एका ओळीत उभी राहू शकतात.