रायफलच्या नळीच्या टोकाशी

50 मीटर रायफलच्या निशाण्यात दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याचा वेध घेणारी .22 काडतुसाची शिशाची गोळी 5.6 मिलिमीटर जाड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्यपदक जिंकलं. तेव्हा गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायचे तिन्ही पवित्रे महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिले. मला मात्र अशा रायफलींच्या नळीपुढे बसवलेल्या पोकळ नळकांड्याबद्दल सांगायचं आहे.

नेमबाज त्याला नुसतं ‘ट्यूब’ म्हणतात. पुढची साइट तिच्यावर बसते, त्यामुळे दोन साइटमधलं अंतर वाढतं आणि नेमातली बारीक चूक डोळ्याला लवकर दिसते. काहीजण तिच्यावर वजनाच्या कड्याही चढवतात. गोळी सुटते तेव्हा पोलादी नळी थरथरते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी टोक वर असेल की खाली, हे त्या थरथरीवर ठरतं. टोकावरचं वजन बदललं की थरथरीची चाल बदलते आणि गोळ्या दुसरीकडे लागू लागतात.

सायलेन्सर, म्हणजे सप्रेसर, नळीवर नेमका हाच परिणाम करतो. हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन माणसाला 1909 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. फिनलंड आणि नॉर्वेत शिकारी तो सर्रास वापरतात. आपल्याकडे आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणी शस्त्र नियमांच्या निषिद्ध गटात येते, त्यामुळे परवानाधारकालाही ती मिळत नाही. ऑलिंपिक नेमबाजीत तर ट्यूबला भोकं पाडायलाही बंदी आहे. तरीही टोकावर काही चढवल्यावर रायफल ‘बिघडली’ की नाही हे ओळखण्याची रीत ट्यूब आणि सप्रेसर दोन्हींसाठी एकच, आणि ती कळली नाही तर माणूस चांगली रायफल उगाच खोलून बसतो.

ती रीत वजनकाट्यावरून समजते. नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात मालाचा ट्रक काट्यावर चढतो. काटा प्रत्येक गाडीला सारखंच जास्त दाखवत असेल तर त्याचं शून्य सरकलंय. तोच ट्रक तीनदा चढवून तीन वजनं आली तर प्लेटखाली काहीतरी अडकलंय. रायफलचंही असंच. गोळ्यांचा गट पूर्वीइतकाच घट्ट असून नुसता खाली किंवा बाजूला सरकला असेल तर बिघाड काहीच नाही. साइट फिरवून शून्य पुन्हा लावायचं. गट फुटला, गोळ्या विखुरल्या, तरच दोष शोधायला निघायचं.

शोधाचा पहिला नियम: रायफल रिकामी करायची, चेंबर डोळ्यांनी पाहायचा. मग टोकाची जोडणी काढून त्याच डब्यातल्या काडतुसांनी पुन्हा गट मारायचा. गट जुळला तर दोष जोडणीत. बहुतेकदा आटे सैल झालेले असतात, किंवा आट्यांत काजळी बसून जोडणी किंचित तिरकी चढलेली असते. तिरक्या सप्रेसरच्या आतल्या पडद्याला गोळी घासली तर पडद्याच्या कडेवर ओरखडा दिसतो. तो दिसला की गोळीबार तिथेच थांबवायचा. सलग गोळ्या मारल्यावर सप्रेसर तापतो, त्यावरची हवा लहरते आणि दुर्बिणीतलं निशाण नाचतं; तेव्हा गट फुटण्याचं कारण नळीत नसतं, नेम घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतं.

जोडणी काढूनही गट फुटलेलाच राहिला तर मागे सरकायचं: दस्त्याचे स्क्रू ठरल्या जोरानं आवळले आहेत का, नळी दस्त्याला कुठे टेकते का, नळीच्या तोंडाला खरवड तर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या की गट सुधारला तरी कशानं सुधारला ते कळत नाही.

सायन–पनवेल महामार्गानं एपीएमसीवरून पुढे गेलं की पनवेलला नेमबाजी प्रशिक्षक सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. टोकियो पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी अवनी लेखरा त्यांचीच शिष्या. तिथल्या एअर रायफललाही पुढे ट्यूब असते, पण यंत्रणेच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या तोंडापर्यंतची लांबी 850 मिलिमीटरच्या पुढे नेता येत नाही. छर्रा संथ गतीनं जातो, नळीत जास्त वेळ राहतो, म्हणून तिथे घोडा दाबल्यानंतरही नेम धरून ठेवण्याला फार किंमत आहे.

दोषाच्या शोधात काडतुसाचा नंबर शेवटी लागतो, पण .22 मध्ये तो हमखास लागतो. ही काडतुसं घरी भरता येत नाहीत. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन खेपा एकाच नळीतून वेगळे गट देतात. म्हणून मोठ्या स्पर्धांचे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून खेपेमागून खेप तपासतात, आणि जी खेप जुळेल तिचे डबे वर्षभर पुरतील इतके उचलतात.