काचपेटीतले पाणी गढुळले तर

माशांच्या काचपेटीतल्या गढूळपणाचे कारण रंगावरून ओळखता येते. नव्या पेटीत तीन-चार दिवसांनी पाणी दुधाळ होते, ते जिवाणूंच्या अचानक वाढीमुळे. सगळे पाणी बदलणे हा यावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय! खाद्य कमी केले की बहुधा आठ-दहा दिवसांत पाणी निवळते. करडा गढूळपणा न धुतलेल्या वाळूचा, हिरवा शेवाळाचा. पाणी हिरवे असेल तर पेटी उन्हाच्या खिडकीपासून हलवावी.

पाणी स्वच्छ ठेवणारा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, पेटीच्या खालच्या पातळीवर बसवतात. पाणी नळीतून आपोआप खाली उतरते, पंप ते वर ढकलतो. पाणी प्रथम जाड स्पंजातून, मग सिरॅमिक रिंगांमधून आणि शेवटी बारीक फिल्टर वूलमधून जावे. १०० लिटरच्या पेटीला तासाला ४०० ते ५०० लिटर प्रवाह पुरतो. फिल्टर खडखडू लागला तर आत हवा अडकलेली असते. डबा हलकेच तिरपा केला की ती निघते.

परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारख्या गावी खरी अडचण वीज जाण्याची. वीज गेली की फिल्टरच्या बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, त्यातले उपयोगी जिवाणू मरू लागतात आणि पाणी कुजते. वीज आल्यावर तेच पाणी पेटीत गेले तर मासे दगावू शकतात. म्हणून बराच वेळ बंद राहिलेला डबा आधी उघडून रिकामा करावा. स्पंज आणि रिंगा पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात खळबळाव्यात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारते.